चुकीचं वाक्य कुठून येतं

इटलीत इंग्रजी शिक्षक हवा असल्याची जाहिरात निघाली की तिच्यात एक शब्द हमखास असतो, ‘मादरेलिंग्वा’. म्हणजे ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे असा माणूस. पदवी, अनुभव, कोणत्या वेळेला येणार, हे सगळं त्यानंतर. मी सांगली जिल्ह्यातली. मराठी शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवली, पुढे इंग्रजीच विषय घेऊन शिकले, काही वर्षं तिकडेच शिकवलं आणि लग्न होऊन क्रेमोनाला आले. उत्तर इटलीत, पो नदीच्या काठचं हे व्हायोलिनचं गाव. इथे संध्याकाळी मी इटालियन लोकांना इंग्रजी शिकवते आणि शनिवारी सकाळी चर्चच्या एका खोलीत पंजाबी बायकांना इटालियन शिकवते. दोन्हींतली एकही भाषा माझ्या आईची नाही. तरीही, खरं तर म्हणूनच, मला हे काम बरं जमतं असं मी आता मोकळेपणाने म्हणते.

कारण असं, की वर्गात जे चुकीचं वाक्य ऐकू येतं, ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी भाषेतलं अगदी बरोबर वाक्य असतं. विद्यार्थ्याने शब्द इंग्रजी घेतले, पण वाक्य घरचंच बोलला. ते घरचं वाक्य ज्याला ऐकू येतं, त्याला चूक कुठून आली ते कळतं, आणि मग ती दुरुस्त करायला फार वेळ लागत नाही. ज्याला ऐकू येत नाही, तो नुसता लाल शाईने खोडत बसतो.

मादरेलिंग्वा शिक्षकांवर माझा राग नाही. त्यांनाही या देशाने सुखाने ठेवलेलं नाही. व्हेनिसच्या विद्यापीठातल्या परदेशी भाषाशिक्षकांचा खटला थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९८९ साली न्यायालयाने सांगितलं, की त्यांच्या नोकरीला घातलेली कालमर्यादा हा भेदभाव आहे. त्यानंतरही वर्षानुवर्षं ती भांडणं चालूच राहिली. माझा आक्षेप आहे तो जाहिरातीमागच्या समजुतीवर. भाषा जन्मापासून येणं आणि ती दुसऱ्याच्या डोक्यात उतरवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत.

एक उदाहरण घेऊ. माझ्या वर्गात नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक इटालियन माणूस सांगतो, ‘आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स.’ हेच वाक्य मी सांगलीत, अगदी हुशार मुलांच्या तोंडून, वर्षानुवर्षं ऐकलेलं आहे. इटालियनमध्ये म्हणतात, ‘वीवो क्वी दा द्येची आन्नी.’ मराठीत आपण म्हणतो, ‘मी दहा वर्षांपासून इथे राहते.’ दोन्हीकडे क्रियापद साधं वर्तमानकाळी आहे, कारण राहणं अजून चालूच आहे. एका शब्दाने, म्हणजे ‘दा’ने किंवा आपल्या ‘पासून’ने, सुरुवात कधी झाली ते सांगितलं की काम झालं. इंग्रजीला एवढ्याने भागत नाही. तिला क्रियापदातच मागची दहा वर्षं दिसायला हवी असतात, म्हणून ‘हॅव लिव्ह्ड’. शिवाय सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ आणि किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’, असे दोन वेगळे शब्द. मी फळ्यावर तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिते आणि सांगते, की हे बघा, तुमचं वाक्य माझ्या भाषेत चालतं, फक्त इंग्रजीत चालत नाही. समोरच्या माणसाचे खांदे लगेच सैल होतात. शाळेत त्याला इतकी वर्षं सांगितलेलं असतं, की तुला काळ समजत नाहीत.

काही चुका बरोबर उलट्या असतात. आपल्याकडचा विद्यार्थी ‘द’ गाळतो, कारण मराठीत ती भानगडच नाही. ‘आय वेंट टू मार्केट’ म्हणताना त्याला काही राहिल्यासारखं वाटतच नाही. इटालियन माणूस उलट ‘द’ घुसडतो. त्याच्या भाषेत नामाला उपपदाशिवाय घराबाहेर पडताच येत नाही, त्यामुळे तो ‘द पेशन्स इज इम्पॉर्टंट’ म्हणतो. संयम, निसर्ग, आयुष्य, इतिहास, सगळ्यांच्या डोक्यावर ‘द’. इंग्रज शिक्षक याला सांगतो, की कानाला बरं वाटत नाही. आता ज्याचा कान तसा घडलेलाच नाही त्याने या उत्तराचं काय करायचं? मला ‘द’ कानाने कधीच कळलं नव्हतं. मी तो नियमाने शिकले, एकेक पायरी चढत, वहीत लिहून. म्हणून तो मला पायरीपायरीने सांगता येतो.

पावसाचंही तसंच. ‘इज रेनिंग’ हे वाक्य इटालियन वर्गात रोजचं. त्यांचं ‘प्योवे’ एका शब्दात संपतं. आपण ‘आलो’, ‘जाते’, ‘कळलं’ असं कर्ता गाळून बोलतो, तसंच तेही बोलतात. एक बाई एकदा चिडून म्हणाल्या, की हा ‘इट’ नेमका आहे कोण, आणि तो पाऊस का पाडतो? चांगला प्रश्न आहे. इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी चालत नाही, म्हणून तिथे हा नावापुरता बसवलेला असतो, एवढंच त्याचं उत्तर.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक व्हायोलिन बनवणारे गृहस्थ येतात. क्रेमोनात अशा शंभराहून जास्त कार्यशाळा आहेत. स्त्रादिव्हारी इथलाच, १७३७ साली इथेच वारला. व्हायोलिन बनवण्याची शाळा १९३८ पासून इथे आहे आणि २०१२ साली इथल्या या कारागिरीला युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली. गिऱ्हाइकं जपान, कोरिया, अमेरिकेतून येतात, म्हणून या गृहस्थांना इंग्रजी हवी. एकदा मी त्यांच्या कामाच्या जागी गेले होते. व्हायोलिनची पुढची पाटी स्प्रूसच्या लाकडाची असते आणि मागची मेपलची. ते पुढची पाटी दोन बोटांत धरायचे, कानाजवळ नेऊन दुसऱ्या हाताच्या बोटाने टकटक करायचे, ऐकायचे, मग अंगठ्याएवढ्या रंध्याने एका ठिकाणचा केसासारखा पातळ पापुद्रा काढायचे आणि पुन्हा टकटक. मला आधीचा आणि नंतरचा आवाज एकच वाटला. त्यांना त्यात फरक स्पष्ट ऐकू येत होता आणि मला तो येत नाही याचंच त्यांना नवल वाटत होतं.

हाच माणूस वर्गात ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक ऐकू शकत नव्हता. इटालियनमध्ये ‘इ’ एकच. आपण निदान लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, त्यामुळे दोन गोष्टी आहेत एवढं तरी आपल्याला माहीत असतं. पण इंग्रजीतला तो फरक नुसत्या लांबीचा नाही. ‘शिप’मध्ये जीभ सैल आणि थोडी खाली असते, ‘शीप’मध्ये ताणलेली आणि वर. मी ‘शिप’ मुद्दाम लांबवून म्हटलं आणि ‘शीप’ तोडून म्हटलं, तरी दोन्ही वेगळेच राहिले. तेव्हा ते एकदम म्हणाले, की अच्छा, लांबीचा प्रश्नच नाही, ‘तिंब्रो’चा आहे. तिंब्रो म्हणजे नादाचा पोत. सूर तोच, पण बासरीचा वेगळा आणि सारंगीचा वेगळा, तो फरक. त्या दिवसापासून मी हा धडा सगळ्यांना त्यांच्याच शब्दात शिकवते.

‘ह’ मात्र अजून छळतो. इटालियनमध्ये ‘ह’ लिहितात, उच्चारत नाहीत. त्यामुळे भूक लागलेला माणूस रागावल्यासारखा ऐकू येतो, ‘आय एम अँग्री’. कुणी फार मनावर घेतलं की तो नको तिथेही ‘ह’ लावायला लागतो आणि सफरचंद ‘हॅपल’ होतं. ‘त’हून ‘थ’ आणि ‘क’हून ‘ख’ ही वेगळी अक्षरं असतात हे माझ्या विद्यार्थ्यांना पटवणं तर फारच कठीण. म्हणजे कान हा जन्माने तीक्ष्ण किंवा बोथट नसतो. आईच्या भाषेने जिथे फरक करायला शिकवलं तिथे तो जागा असतो आणि बाकी ठिकाणी झोपलेला.

आता आपल्या कानाचं ऐका. इटालियन शिकणारे इंग्रज आणि अमेरिकन लोक ज्या गोष्टीला वर्षानुवर्षं अडखळतात, ती आपल्याला पहिल्या दिवशी येते. जोडाक्षर! ‘सेते’ म्हणजे तहान आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात. ‘पाला’ म्हणजे फावडं आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. ‘कापेल्ली’ केस, ‘काप्पेल्ली’ टोप्या. कला आणि कल्ला, पता आणि पत्ता यांतला फरक ज्याला सांगावा लागत नाही, त्याला हे काय सांगायचं? त, द आपले आणि त्यांचे अगदी सारखे, दातांना जीभ लावून. शिवाय ‘पीत्सा’, म्हणजे आपला पिझ्झा. चाकातला ‘च’ आणि चारातला ‘च’ आपण तोंडात वेगळा ठेवतो, लिहिताना एकच अक्षर वापरलं तरी. इटालियन ‘त्स’ हा आपला चाकातला ‘च’, आणि शून्याला ते ‘द्झेरो’ म्हणतात त्यातला ‘द्झ’ हा आपल्या जुन्यातला ‘ज’. माझ्या पंजाबी विद्यार्थिनींना हे दोन्ही घडवून घ्यावे लागतात. मराठी माणसाला नुसतं आठवण करून द्यायची.

पण आघात! त्याबाबतीत मराठी आपल्याला काहीच मदत करत नाही. ‘आंकोरा’ हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटला तर जहाजाचा नांगर, दुसऱ्या अक्षरावर दिला तर ‘अजून’. ‘प्रिन्चिपी’ म्हणजे राजपुत्र की तत्त्वं, हे जोर कुठे आहे त्यावर. ‘कापितानो’ तर तीन प्रकारे म्हणता येतं आणि तीन वेगळे अर्थ निघतात. छापील मजकुरात या जोराची खूण बहुतेक वेळा नसते. आपल्याकडे शब्दातल्या अमुक अक्षरावर जोर दिल्याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे त्याकडे लक्षच जात नाही. मराठी माणूस व्याकरणशुद्ध इटालियन बोलायला लागला तरी समोरचा मध्येच ‘कोमे?’ (काय म्हणालात?) म्हणतो, ते बहुधा याच कारणाने.

बाकी इटालियन लिहायला सोपी, आपल्यासारखीच, बोलाल तशी लिहा. त्यामुळे शब्दाची अक्षरं सुटी करून सांगायची सवयच यांना नाही. फोनवर नाव सांगायची वेळ आली की अक्षरांऐवजी गावं सांगतात. ‘आ’ आंकोनाचा, ‘ब’ बोलोन्याचा, ‘द’ दोमोदोस्सोलाचा. ‘के’ हे अक्षर मूळ इटालियन वर्णमालेतलं नाही, म्हणून त्याला गाव नाही, त्याला ‘काप्पा’ म्हणतात. तेव्हा आमचं कुलकर्णी आडनाव दवाखान्यात असं नोंदवलं जातं: काप्पा, ऊदिने, लिव्होर्नो, काप्पा, आंकोना, रोमा, नापोली, ईमोला. इटलीचा नकाशा मी असा पाठ केला.

इथल्या शाळेतल्या इंग्रजीचा आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीचा इतिहासही फार वेगळा नाही. महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, इटलीने २००३ च्या शिक्षण सुधारणेत. दोन्हीकडे त्याआधीची पिढी भाषांतरावर वाढलेली. आपल्याकडे तर्खडकरी पद्धत होती. इथे लॅटिनची ‘व्हेर्सिओने’ असते, म्हणजे उतारा घ्यायचा, कोश उघडायचा आणि शब्द शब्द करून इटालियनमध्ये आणायचा. शाळेत लॅटिन शिकवायची ती पद्धत इंग्रजीलाही चिकटली. त्यामुळे माझ्याकडे येणारी पन्नाशीतली माणसं कर्ता, कर्म, अप्रत्यक्ष कर्म चटकन ओळखतात आणि हॉटेलात पाणी मागायला घाबरतात. या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवत नाही, कारण शनिवारच्या वर्गात तीच माझ्या कामाला येते.

तर शनिवारचा वर्ग.

क्रेमोनाच्या आसपास सगळा दुधाचा धंदा. या दुधातून चीज होतं आणि ते जगभर जातं. गोठ्यात काम करणाऱ्याला इथे ‘बेर्गामीनो’ म्हणायची रीत आहे. इटालियन तरुण या कामापासून दूर गेले आणि पहाटेच्या धारा काढायला पंजाबातली माणसं आली. आता ती इतकी आहेत, की जवळच्या पेस्सीना क्रेमोनेझे गावात २०११ साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला. पुरुष गोठ्यात काम करता करता कामापुरती भाषा शिकले. बायका मागाहून आल्या, शेतावरच्या घरांत राहिल्या, शेजार नाही, बसची सोय जेमतेम. कायद्याने मात्र भाषा सगळ्यांनाच हवी. दीर्घ मुदतीच्या परवान्यासाठी २०१० च्या डिसेंबरपासून ‘आ दुए’ (ए-टू) पातळीची परीक्षा लागते, आणि नागरिकत्वासाठी २०१८ च्या अखेरीपासून तिच्या वरची ‘बी उनो’ (बी-वन). पण माझ्या वर्गातल्या बायकांना त्याहून तातडीने हवं असतं ते ड्रायव्हिंग लायसन्स. गाडी आली की दवाखाना, शाळा, दुकान, नोकरी सगळं हाताशी येतं. त्याची लेखी परीक्षा म्हणजे वीस मिनिटांत तीस विधानं, प्रत्येक खरं की खोटं ते सांगायचं, चुका तीनपर्यंत माफ. विधानांची भाषा सरकारी, लांबलचक, आणि एखाद्या ‘पुर्के’ (अट अशी, की) किंवा ‘सालवो’ने (वगळता) अख्खा अर्थ फिरवणारी. रस्ता, वळण, ओव्हरटेक हे शब्द पाठ होतात. नापास होतात ते त्या छोट्या शब्दांपायी.

माझ्यासोबत हा वर्ग चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, शिस्तीच्या आणि प्रेमळ. त्यांचं मत, की वर्गात फक्त इटालियन बोलावं. भूतकाळ शिकवताना त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘ला पीत्सा? लो मांजाता. इल पानीनो? लो मांजातो.’ म्हणजे पीत्सा? ती मी खाल्ली. पानीनो, म्हणजे सँडविच? तो मी खाल्ला. पीत्सा स्त्रीलिंगी म्हणून ‘मांजाता’, पानीनो पुल्लिंगी म्हणून ‘मांजातो’. खाणारी बाई आहे की बुवा, याचा इथे काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, हा फार अवघड भाग आहे, परदेशी लोकांना येत नाही, आत्ता नुसतं बघून ठेवा. मी मागच्या बाकावरच्या जसप्रीतला (नाव बदललं आहे) हळूच विचारलं, ‘रोटी का क्या करेंगे?’ ती म्हणाली, ‘मैं रोटी खादी.’ आणि आंबा? ‘मैं अंब खादा.’ म्हटलं, खाणारी तर तूच, मग खादी आणि खादा का? तिने फळ्याकडे पाहिलं, हसली, आणि शेजारणीला पंजाबीत भराभर सांगायला लागली. पाच मिनिटांत अख्खी ओळ ‘लो मांजाता, लो मांजातो’ म्हणत होती, बिनचूक.

हा आपला कर्मणी प्रयोग. ‘मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला.’ शाळेत प्रयोग ओळखा म्हणून पाच गुणांना यायचा तोच. इटालियनमध्ये तो पूर्ण नाही. कर्माचं सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं तरच हे जुळणं लागू होतं, नाम नंतर आलं तर ‘मांजातो’च राहतं. पण मूळ कल्पना, की क्रियापदाने कर्माचं लिंग घ्यावं, ही इंग्रजाला डोंगराएवढी वाटते आणि आपल्याला आई बोलली तेव्हापासून येते. ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ हेही इटालियनमध्ये तसंच, ‘सोनो आंदाता’ आणि ‘सोनो आंदातो’.

पुढे पुढे मी अशा जागा शोधतच गेले. ‘मी प्याचे’ म्हणजे मला आवडतं, पंजाबीत ‘मैनूं चंगा लगदा’. आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण ‘मला’. पुस्तकं आवडत असली तर ‘प्याच्योनो’, आवडतात, अनेकवचन. इंग्रजीवरून इटालियन शिकणारा इथे वाक्य उलटं करून करून दमतो. गावाला जायचं तर ‘वादो आ मिलानो’, मिलानला जाते. माणसाकडे जायचं तर ‘वादो दाल मेदिको’, डॉक्टरांकडे जाते. पुस्तकात हा ‘दा’चा खास उपयोग म्हणून चौकटीत दिलेला असतो. आपण गावाला ‘ला’ लावतो आणि माणसाला ‘कडे’, पंजाबीत ‘डाक्टर कोल’. चौकटीची गरज कुणाला आहे?

सगळंच असं जुळतं असं मात्र नाही. ‘मला माहीत असतं, तर मी आले असते’ या वाक्याचे दोन्ही तुकडे मराठीत एकाच साच्याचे आहेत, असतं आणि असते. हिंदी-पंजाबीतही तसंच. इटालियनमध्ये पहिल्या तुकड्याला एक रूप आणि दुसऱ्याला वेगळं, ‘से आवेस्सी सापूतो, सारेइ वेनूता’. आमच्या बायका दोन्हीकडे एकच रूप लावतात, ‘से आव्रेइ’ म्हणतात. हीच चूक इटालियन पोरं सर्रास करतात, मोठी माणसंही करतात, आणि एखाद्या पुढाऱ्याच्या तोंडून टीव्हीवर ती गेली तर चार दिवस त्याची टर उडवली जाते. मी बायकांना सांगते, की हे तुमच्या घरून आलंय, इथे दारात काढून ठेवा.

आणि काही चुका मात्र त्यांच्या घरून आलेल्याच नसतात. हे लक्षात यायला मला वेळ लागला, आणि आलं तेव्हा वाईट वाटलं. जसप्रीत सुरुवातीला म्हणायची, ‘तू वेनीरे दोमानी?’ मराठीत म्हणायचं तर ‘तू उद्या येणे?’ क्रियापद चालवायचंच नाही, मूळ रूप तसंच ठेवायचं. पंजाबीत असं कुणी बोलत नाही. मग हे आलं कुठून? तिच्या नवऱ्याच्या मालकाकडून. दुकानदाराकडून. परदेशी माणूस दिसला की कित्येक इटालियन माणसं आपली भाषा मोडून बोलतात, ‘तू कापीरे? तू आंदारे ला’, म्हणजे ‘तू समजणे? तू तिकडे जाणे’. समोरच्याला सोपं जावं म्हणून, असं त्यांना मनापासून वाटतं. पण ज्या बाईला दिवसभरात इटालियन ऐकायची संधी एवढीच, ती हीच इटालियन शिकते. आणि मग परीक्षेत तिला सांगितलं जातं, की तुला क्रियापद चालवता येत नाही.

त्यातला ‘तू’ ऐकलात? इटालियन ‘तू’ म्हणजे आपला ‘तू’च, ऐकायला आणि अर्थालाही. मान द्यायचा तर ‘लेई’ म्हणतात, क्रियापद तृतीयपुरुषी. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ साली ‘लेई’ काढून सगळ्यांना ‘व्होई’ (तुम्ही) म्हणायला लावलं होतं, ते सत्ता गेल्यावर गळून पडलं. बँकेत, दवाखान्यात, अनोळखी माणसाशी आज ‘लेई’च चालतं. पण चाळिशीच्या पंजाबी बाईला काउंटरवरचा पंचविशीचा मुलगा सरळ ‘तू’ म्हणतो, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या इटालियन बाईला ‘लेई’. आमच्या वर्गात मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ‘लेई’ म्हणते. त्या मला दीदी म्हणतात आणि इटालियनमध्ये ‘लेई’. पंजाबीतलं ‘तुसीं’ त्यांना माहीतच आहे, त्यामुळे हे समजावावं लागलं नाही.

त्या निवृत्त बाईंशी मी यावर बोलले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘माझ्या आजीशीही असंच बोलायचे.’ आजी शेतावर काम करायची, तिला क्रेमोनाची बोली यायची, इटालियन नाही. १८६१ साली इटली एक देश झाला तेव्हा भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या हिशेबाने शंभरात अडीच माणसांना इटालियन येत होतं. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा दहाच्या जवळ नेला, तरी नव्वद उरतातच. पुढे कित्येक पिढ्या घरात बोली आणि शाळेत इटालियन असं चाललं. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक टीव्हीवर येऊन मोठ्या कागदावर कोळशाने चित्रं काढत प्रौढांना लिहा-वाचायला शिकवायचे. घरोघरी टीव्ही नव्हते, लोक चर्चच्या सभागृहांत आणि बारमध्ये जमून बघायचे. म्हणजे आज ज्यांना आपण ‘मादरेलिंग्वा’ इटालियन म्हणतो, त्यांतल्या अनेकांचे आजी-आजोबा इटालियनचे विद्यार्थीच होते, आमच्या शनिवारच्या बायकांसारखे. त्यांचीही वाक्यं बोलीतून येत असणार आणि शाळेत खोडली जात असणार.

बाईंचं आणि माझं पूर्ण एकमत झालेलं नाही. त्यांचा मुद्दा खरा आहे, की वर्गात मोरोक्कोच्या आणि घानाच्या बायकाही येतात, तिथे पंजाबीचा काय उपयोग? मला अरबी येत नाही, त्यामुळे फातिमाची (हेही बदललेलं नाव) चूक मला नुसती चूक म्हणूनच दिसते. तिच्या घरचं वाक्य मला ऐकू येत नाही. सध्या आम्ही असं ठरवलंय, की प्रत्येक बाईने आपल्या भाषेतलं वाक्य आधी मोठ्याने म्हणायचं, शब्दशः अर्थ इटालियनमध्ये सांगायचा, आणि मग खरं इटालियन वाक्य. वेळ जास्त जातो. पण अरबी येणारी एक तरुण मुलगी आता दर शनिवारी मदतीला येते, आणि बाईंनी फळ्याचा एक कोपरा तिच्यासाठी राखून ठेवलाय.

मी इटालियन, पंजाबी, मराठी असे तीन रकाने करून एक तक्ता बनवते आहे. ‘दा’ आणि ‘कोल’ आणि ‘कडे’ पहिल्या ओळीत. ‘ने ओ दुए’ म्हणजे ‘माझ्याकडे त्यातले दोन आहेत’, यासाठी आपलं ‘त्यातले’ चपखल बसलं. अडलंय ते ‘ची’पाशी. ‘ची वादो’ म्हणजे तिथे जाते, इथपर्यंत ठीक. ‘ची पेन्सो’ म्हणजे त्याचा विचार करते. ‘ची सोनो’ म्हणजे आहेत. ‘ची व्होल्योनो दुए ओरे’ म्हणजे दोन तास लागतात. चार ठिकाणी चार कामं, आणि चौघांना मिळून एक जोडीदार मला मराठीत सापडत नाही, पंजाबीत जसप्रीतला सापडत नाही. इटलीत राहणाऱ्या कुणा मराठी माणसाने यातून वाट काढली असेल तर जरूर लिहा, तो रकाना अजून रिकामाच आहे.